नावडत्या नावाची गोष्ट

रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेलच्या खोलीत माझी रूममेट मांडी घालून लॅपटॉपसमोर बसली होती आणि स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर चालल्या होत्या. हॅस्केल नावाच्या भाषेच्या कंपायलरचं नवं व्हर्जन आलं होतं, ते ती इन्स्टॉल करत होती. झाल्यावर तिने त्याला व्हर्जन विचारलं. नंबर सांगण्याआधी त्या प्रोग्रॅमने आपली ओळख वैभवशाली ग्लासगो हॅस्केल कंपायलेशन सिस्टिम अशी करून दिली. स्वतःच स्वतःला वैभवशाली म्हणवून घेणारं सॉफ्टवेअर मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. मग तिने गेल्या वर्षीचा प्रोजेक्ट या नव्या कंपायलरला दिला आणि त्या वैभवशाली यंत्रणेने तो सपशेल नाकारला. जुन्या व्हर्जनवर मस्त चाललेला कोड! ती वैतागली. मी मास कॉमची, त्यामुळे माझा प्रश्न भलताच. हॅस्केल हा कशाचा शॉर्टफॉर्म आहे?

कशाचाच नाही. ते एका माणसाचं नाव आहे. आणि तुम्ही कॉम्प्युटरवाले असा किंवा माझ्यासारखे कोडिंग दिसलं की चॅनेल बदलणारे, हा माणूस तुम्हाला भेटायला हवा. कारण त्याने अख्खी दोन वर्षं एका क्षेत्रात, दोन वर्षं दुसऱ्या क्षेत्रात असं करत विशी घालवली, स्वतःला सुचलेली सगळ्यात भारी आयडिया दुसऱ्याने आधीच छापलीय हे त्याला लायब्ररीत कळलं, आणि पुढे आयुष्याचं काम उभं राहतंय असं वाटत असतानाच दोन पोरांनी येऊन त्याचा पायाच तडकलाय हे दाखवून दिलं.

पण आधी कंपायलर म्हणजे काय ते दोन मिनिटांत. तो दुभाष्या आहे. तुम्ही माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिता, मशीनला फक्त तिच्या सूचना कळतात, मधलं भाषांतर तो करतो. हॅस्केलवाला दुभाष्या जरा खडूस आहे. भाषांतर करण्याआधी तुमची उलटतपासणी घेतो. जिथे आकडा हवा तिथे नाव दिलंत तर तो पुढे जायलाच तयार होत नाही. हॅस्केल ही फंक्शनल भाषा आहे, म्हणजे तिच्यात सगळा कारभार फंक्शन्सचा. मराठी माध्यमातल्या मंडळींनी अकरावी-बारावीत याला फल म्हणताना ऐकलं असेल. एक गोष्ट आत टाका, ठरलेली एक गोष्ट बाहेर येते, अध्येमध्ये गुपचूप काही बदलत नाही.

या भाषेचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा कंपायलर म्हणजे जीएचसी. त्यातला जी म्हणजे स्कॉटलंडमधलं ग्लासगो, कारण तिथल्या विद्यापीठात 1989 मध्ये त्याचं काम सुरू झालं. गंमत अशी की जीएचसी स्वतःच हॅस्केलमध्ये लिहिलेला आहे. मग नवं व्हर्जन कंपाइल कोण करणार? जुनं व्हर्जन! घरी कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आजच्या दुधाला लावतात, अगदी तसं. आधी जुना कंपायलर नव्याचा कोड कंपाइल करतो. त्यातून जो कंपायलर तयार होतो त्याला तोच कोड पुन्हा देतात, म्हणजे नवा कंपायलर स्वतःच स्वतःला घडवतो. मग अल्फा व्हर्जन बाहेर पडतं, जगभरातले लोक त्यावर आपापल्या लायब्ऱ्या चालवून बघतात, काय काय मोडलं ते कळवतात, दुरुस्त्या होतात, रिलीज कँडिडेट येतो, पुन्हा तेच, आणि शेवटी खरा रिलीज. व्हर्जन नंबरातला मधला आकडा सम असेल तर ते लोकांसाठी, विषम असेल तर आतलं चालू काम. म्हणून 9.10 नंतर लोकांच्या हातात आलं ते 9.12, डिसेंबर 2024 मध्ये. 9.11 म्हणजे अजून कणीक मळणं सुरू आहे.

आणि प्रत्येक रिलीजबरोबर एक यादी येते. काय नवं आहे, काय बदललं, आधीच्यात काय चुकलं होतं. ही शेवटची यादी मला फार आवडली. आमच्याकडे पेपरात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात बारीक टायपात दुरुस्ती छापतात, तीही नाइलाजाने.

आता तो माणूस. हॅस्केल ब्रूक्स करी. आडनाव वाचून हसू आलं असेल तर लाजू नका, ज्यांनी भाषेचं नाव ठरवलं त्यांनाही त्याच हसण्याची धास्ती होती, ते पुढे येईलच. आपल्या जुन्या मराठीत तर करी म्हणजे करत असे. हॅस्केल करी, म्हणजे हॅस्केल काहीतरी करत असे. बरोबरच आहे. (आणि हो, मी त्याला एकेरीतच हाक मारणार आहे. गोष्ट त्याच्या सोळाव्या वर्षापासून सुरू होतेय, तिथे अहोजाहो जमत नाही.)

जन्म 12 सप्टेंबर 1900, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिलिस गावी. आईवडील, ॲना आणि सॅम्युअल करी, बॉस्टनमध्ये वक्तृत्व शिकवणारी शाळा चालवायचे. लोकांसमोर कसं बोलायचं, आवाजातून भाव कसा पोचवायचा हे शिकवणारं घर. मुलगा मात्र 1916 मध्ये हार्वर्डला गेला तो डॉक्टर व्हायला. वर्षभरात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. आपणही देशासाठी काही करावं असं त्याला वाटलं, आणि त्या कामात मेडिकलपेक्षा गणित लवकर उपयोगी पडेल असा हिशेब करून त्याने विषय बदलला. 1918 च्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांच्या लष्करी प्रशिक्षण दलात नावही घातलं. नोव्हेंबरमध्ये युद्धच संपलं! 1920 मध्ये हातात गणिताची डिग्री होती, डॉक्टरकी मागेच सुटली होती.

मग एमआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग, सोबत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम. इंजिनीअरिंगमध्ये उत्तर बरोबर आलं की बाकीचे खूश असायचे. हा ते बरोबर का आलं यावर अडून बसायचा. असा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो, आणि लेक्चर त्याच्यामुळेच लांबतं. दोन वर्षांनी इंजिनीअरिंग सुटलं. मग हार्वर्डला परत, या वेळी फिजिक्स, 1924 मध्ये त्यातली मास्टर्स. मग पुन्हा गणित. घरच्या कुठल्याही कार्यक्रमात हल्ली काय करतोस हा प्रश्न येतो ना, त्याला दर दोन वर्षांनी नवं उत्तर द्यावं लागलं असतं. मी स्वतः इंजिनीअरिंगचं एक वर्ष करून मास कॉमला आलेय, त्यामुळे हा भाग वाचताना मला जरा जास्तच बरं वाटलं हे कबूल करते.

गणितात पीएचडीसाठी त्याला विषय मिळाला होता डिफरन्शियल इक्वेशन्सचा. वाचत मात्र तो वेगळंच होता. व्हाइटहेड आणि रसेल या दोघांचा प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका हा तीन खंडांचा जाडजूड ग्रंथ, 1910 ते 1913 मध्ये निघालेला. सगळं गणित थोड्याशा तर्कनियमांवर उभं करायचं असा त्याचा खटाटोप. हॅस्केल सुरुवातीच्या नियमांपाशीच थबकला. त्यातला एक नियम एकदम साधा होता. दुसरा म्हणायचा की चलाच्या जागी हवं ते घाला. हे तर आपण आठवीपासून करतो, एक्सच्या जागी पाच घाला, झालं! हॅस्केलला मात्र वाटलं, थांबा, हा नियम साधा दिसतो, पण त्याच्या पोटात केवढ्या तरी गोष्टी कोंबल्यात. आईच्या रेसिपीत चवीनुसार मीठ असतं तसं. तिला त्यात काही अवघड वाटत नाही, कारण सगळं अवघड तिच्या हाताला आधीच ठाऊक असतं. मशीनला हात नाहीत. तिला चवीनुसार कळत नाही. अर्थात तेव्हा अशी मशीन नव्हतीच, हॅस्केल हे सगळं कागदावर करत होता.

त्याने तो नियम फोडायला घेतला. अगदी बारीक बारीक, इतक्या साध्या क्रिया शोधायच्या की त्यांच्यापुढे फोडणं शक्यच नाही. एक क्रिया दोन गोष्टींतली पहिली ठेवते, दुसरी टाकून देते. एक अदलाबदल करते. एक तीच वस्तू दोनदा वापरते. अशा क्रियांना पुढे कॉम्बिनेटर म्हणू लागले. या विटा एकावर एक रचल्या की चल म्हणजे एक्स-वाय वगैरे लागतच नाहीत, आणि तरी सगळं काही बांधता येतं.

1927 मध्ये तो प्रिन्स्टनला शिकवायला गेला. आणि तिथे, वाचता वाचता, त्याच्या हाती 1924 सालचा एक जर्मन शोधनिबंध लागला. मोझेस शोनफिंकेल नावाच्या माणसाचा. त्यात त्याच विटा होत्या. त्याच कल्पना. शोनफिंकेलने तर दोनच विटांवर भागवून दाखवलं होतं, ज्यांना आज एस आणि के म्हणतात.

इथे क्षणभर थांबा आणि स्वतःला त्याच्या जागी ठेवा. वय सत्तावीस. चौथं क्षेत्र. कुठे तरी आपलं असं काहीतरी सापडलं होतं, आणि ते तीन वर्षांपूर्वीच छापून आलेलं आहे. माझ्या डिसर्टेशनचा विषय एका सीनियरने आधीच केलाय असं कळलं होतं, तेव्हा मी रात्रभर रडले आणि सकाळी विषय बदलला. हॅस्केलने विषय बदलला नाही. त्याने चौकशी केली की हा शोनफिंकेल कुठे भेटेल आणि हा विषय कळणारी माणसं कुठे आहेत. उत्तर आलं, जर्मनीतलं ग्योटिंगेन. 1928 मध्ये त्याचं व्हर्जिनिया व्हीटली हिच्याशी लग्न झालं आणि दोघं तिकडे गेले.

शोनफिंकेल काही भेटला नाही. तो तिथून आधीच मॉस्कोला निघून गेला होता. त्याच्या नावावर जेमतेम दोन शोधनिबंध राहिले, आणि पुढचं आयुष्य आजारपणात आणि हलाखीत गेलं असं सांगतात. ग्योटिंगेनला मात्र डेव्हिड हिल्बर्ट होते, त्या काळचे गणितातले सर्वांत मोठे नाव, आणि पॉल बर्नाइस होते, ज्यांच्याबरोबर हॅस्केलचं प्रत्यक्ष काम चाललं. शोनफिंकेलने विटा दाखवल्या होत्या. त्या विटांची घरं पडणार नाहीत याचे नियम कुणी लिहिले नव्हते. हॅस्केलने ते लिहायला घेतले. प्रबंध जर्मनमध्ये लिहिला, तो 1930 मध्ये छापून आला, आणि त्यात शोनफिंकेलचं ऋण मोकळेपणाने मान्य केलेलं होतं.

तरीही जगाने न्याय कसा केला बघा. एका वेळी एकच गोष्ट घेणाऱ्या फंक्शनची जी युक्ती शोनफिंकेलने निबंधात वापरली होती, तिला आज जगभर करीइंग म्हणतात. एसटीच्या तिकीट मशीनचं उदाहरण घ्या. ते दोन गोष्टी विचारतं, कुठून आणि कुठे, आणि भाडं सांगतं. आता समजा त्याला आधी फक्त स्वारगेट एवढंच सांगितलं. तर ते भाडं सांगणार नाही, पण त्याचं एक नवं मशीन होईल, जे फक्त स्वारगेटहून सुटणाऱ्यांसाठी आहे आणि फक्त कुठे एवढंच विचारतं. दोन गोष्टी मागणाऱ्या फंक्शनला एक दिली की बदल्यात एक गोष्ट मागणारं फंक्शन मिळतं. हॅस्केल भाषेत प्रत्येक फंक्शन असंच वागतं. आणि त्याला नाव करीचं. शोनफिंकेलिंग हा शब्द कुणाच्या तोंडात बसला नसता हेही खरं.

1929 च्या सप्टेंबरमध्ये हॅस्केल पेन्सिल्वेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी नोकरीला लागला. गावाचं नावच स्टेट कॉलेज, आणि तिथल्या कॉलेजचं आजचं नाव पेन स्टेट. पुढच्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. जी नोकरी हातात आहे ती धरून ठेवायची असे दिवस. तो तिथे 1966 पर्यंत राहिला. मधली वर्षं शिकवणं आणि कागद.

या कागदांतला 1934 चा एक फार महत्त्वाचा. विटा एकमेकींत कशाही खुपसल्या तर काही जोडण्या अर्थहीन होतात. म्हणून त्याने प्रत्येक विटेला लेबल लावायला सुरुवात केली, ही काय घेते आणि काय देते. माझ्या रूममेटचा प्रोजेक्ट ज्या उलटतपासणीत नापास झाला, तिच्या वंशावळीत हा कागद बराच वर येतो. लेबलं लावता लावता त्याला आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. विटांची लेबलं आणि तर्कशास्त्रातली जर-तरची मूळ गृहीतकं दिसायला सारखी होती! त्याने नोंद केली आणि पुढे गेला. त्या नोंदीचं काय झालं ते नंतर सांगते.

कारण 1935 आलं. प्रिन्स्टनमध्ये अलोंझो चर्च नावाचे गणिती असंच एक तर्कशास्त्र उभारत होते. त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, स्टीफन क्लीनी आणि बार्कली रॉसर, यांनी सिद्ध केलं की चर्च यांची पद्धत आणि करीची पद्धत, दोन्ही विसंगत आहेत. विसंगत हा शब्द सौम्य वाटेल. तर्कशास्त्रात त्याचा अर्थ असा की त्या पद्धतीत काहीही सिद्ध करता येतं. दोन आणि दोन चार हेही आणि पाच हेही. म्हणजे मुसळ केरात. आजच्या भाषेत बोलायचं तर हा बग रिपोर्ट होता, आणि तो एखाद्या ओळीतला नव्हता, पायातला होता.

चर्च यांनी काय केलं? तर्काचा नासका भाग कापून टाकला आणि फंक्शन्सचा निरोगी भाग तेवढा ठेवला. तो म्हणजे लॅम्डा कॅल्क्युलस, आजच्या सगळ्या फंक्शनल भाषांचं मूळ. व्यवहारी निर्णय, आणि योग्यच. करीने मात्र मोडलेलं घर पाडायची घाई केली नाही. नेमकी कुठली वीट फुटली हे त्याला बघायचं होतं. क्लीनी आणि रॉसर यांची सिद्धता लांबलचक आणि अवघड होती. तो ती सोलत बसला. जवळजवळ सात वर्षं. 1942 मध्ये त्याने तोच स्फोट काही ओळींत घडवून दाखवला.

तुम्हीही करून बघा. एका कागदावर लिहा: हे वाक्य खरं असेल तर उद्या कॉलेजला सुट्टी आहे. आता क्षणभर धरून चाला की वाक्य खरं आहे. मग ते जे म्हणतं तेही खरं, आणि त्यातली अटही पूर्ण झाली, म्हणजे सुट्टी. इथवर आपण काय दाखवलं? की वाक्य खरं असेल तर सुट्टी आहे. पण वाक्य नेमकं हेच तर म्हणतं! म्हणजे वाक्य खरं ठरलं. म्हणजे उद्या सुट्टी. प्राचार्यांना विचारायचीही गरज नाही. सुट्टीच्या जागी काहीही घाला, तेही सिद्ध होईल. मी खोटं बोलतोय या जुन्या कोड्यात गडबड खोटं या शब्दामुळे होते असं वाटायचं. करीच्या कोड्यात खोटं नाही, नाही हा शब्दसुद्धा नाही. फक्त जर, तर, आणि स्वतःकडे बोट दाखवणारं वाक्य. तडा कुठे आहे ते आता उघडं पडलं.

आणि हे बोट स्वतःकडे वळवणंच पुढे कामाला आलं. स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन म्हणजे रिकर्शन, ज्याच्याशिवाय फंक्शनल भाषेचं पान हलत नाही. ते केवळ विटांमधून घडवण्याची जी युक्ती आहे, वाय कॉम्बिनेटर, तिच्याशीही करीचं नाव जोडलेलं आहे. तर्कात जो बग होता, तो गणनेत फीचर निघाला. हॅस्केलचा कंपायलर मात्र ती युक्ती मूळ रूपात लिहून दिली तर आजही स्वीकारत नाही, लेबल जुळत नाही म्हणून परत पाठवतो. 1935 ला झालेल्या अपघाताच्या जागी 1934 चा पहारेकरी उभा आहे म्हणा ना.

दुसऱ्या महायुद्धात करी कागदावरून मशीनकडे आला. सैन्याच्या कामासाठी तो कॉलेजबाहेर पडला आणि 1945-46 मध्ये ॲबर्डीनच्या लष्करी प्रयोगशाळेत एनियॅकच्या कामाशी जोडला गेला. एनियॅक म्हणजे सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूबचा, तीस टनांचा राक्षस. त्याला प्रोग्रॅम द्यायचा म्हणजे केबली ओढायच्या आणि स्विच फिरवायचे. त्यावर एक गणित कसं सोडवायचं याचा अहवाल करीने विला वायट हिच्यासोबत 1946 मध्ये लिहिला. ते करताना जुना स्वभाव उफाळून आला. छोटे प्रोग्रॅम जोडून मोठा कसा बनवायचा? आणि गणितातली पदावली मशीनच्या सूचनांत बदलण्याचं काम माणसाने हाताने का करावं, त्याचेही नियम लिहिता येतील की. 1949 आणि 1950 मध्ये त्याने नौदलाच्या प्रयोगशाळेसाठी यावर टिपणं लिहिली. कॉम्प्युटर भाषांचा आरंभीचा इतिहास लिहिणाऱ्या डोनाल्ड कनूथ यांनी पुढे नोंदवलं की कंपायलरमधला सूचना तयार करण्याचा जो टप्पा असतो, त्याचं पहिलं वर्णन या टिपणांत आहे. तेव्हा कंपायलर हा शब्दही त्या अर्थाने रुळला नव्हता. टिपणं कपाटात गेली. ज्यांनी पुढे कंपायलर बांधले त्यांनी ती वाचून बांधले नाहीत.

मला हा भाग लिहिताना चुटपुट लागली. करी मात्र परत तर्काकडे गेला आणि कामाला लागला. रॉबर्ट फाइस यांच्यासोबत 1958 मध्ये कॉम्बिनेटरी लॉजिक या ग्रंथाचा पहिला खंड, आणि दुसरा खंड थेट 1972 मध्ये, रॉजर हिंडली आणि जोनाथन सेल्डिन या तरुण सहकाऱ्यांबरोबर. मधे 1966 मध्ये पेन स्टेटमधून निवृत्ती, 1970 पर्यंत ॲम्स्टरडॅमला प्राध्यापकी, मग परत स्टेट कॉलेजचं घर. हा सगळा काळ फार थोडे लोक त्याचं वाचत होते.

मग एकदम गर्दी झाली. त्या 1934 च्या लेबलांवर हिंडली यांनी काम पुढे नेलं, रॉबिन मिल्नर यांनी 1978 मध्ये ते प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बसवलं, आणि लेबलं प्रोग्रॅमरने लिहिली नाहीत तरी कंपायलर ती स्वतः ओळखू लागला. 1979 मध्ये डेव्हिड टर्नर या ब्रिटिश संशोधकाने फंक्शनल भाषेचा प्रोग्रॅम चक्क एस, के अशा कॉम्बिनेटर्समध्ये भाषांतरित करून मशीनवर चालवून दाखवला. पन्नास वर्षांपूर्वी निव्वळ शुद्ध विचार म्हणून रचलेल्या विटा आता कंपायलरच्या पोटात होत्या! करी तेव्हा एकोणऐंशीच्या घरात होता. 1980 मध्ये त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने एक गौरवग्रंथ निघाला. त्यात विल्यम हॉवर्ड यांची 1969 पासून हाताहाताने फिरत असलेली टिपणं पहिल्यांदा छापली गेली. विषय तीच चमत्कारिक नोंद, लेबलं आणि जर-तरचं साम्य. ते साम्य योगायोग नव्हतं. प्रोग्रॅमचा टाइप म्हणजे विधान, आणि प्रोग्रॅम म्हणजे त्याची सिद्धता. या नात्याला आज करी-हॉवर्ड म्हणतात आणि त्यावर गणितातल्या सिद्धता तपासणारी सॉफ्टवेअर्स चालतात.

1 सप्टेंबर 1982 रोजी हॅस्केल करी स्टेट कॉलेजमध्येच वारला. ब्याऐंशी पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते. हॅस्केल नावाची भाषा तेव्हा नव्हतीच.

तिचं ठरलं सप्टेंबर 1987 मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एका परिषदेत. तोवर त्याच जातीच्या डझनभराहून जास्त भाषा झाल्या होत्या, ज्याची त्याची वेगळी. सगळ्यांनी मिळून एकच करावी म्हणून समिती नेमली. जानेवारी 1988 मध्ये येल विद्यापीठात बैठक भरली आणि नावाचा प्रश्न आला. आधी करी हेच नाव पक्कं होत आलं होतं. मग रात्र सरल्यावर सगळ्यांना मसाल्याचे विनोद दिसू लागले, आणि करी आडनावाच्या एका नटाचाही धसका होता. शेवटी पहिलं नाव घेतलं. भाषेचा पहिला अहवाल 1 एप्रिल 1990 ला निघाला आणि ग्लासगोच्या कंपायलरचं पहिलं बीटा व्हर्जन 1 एप्रिल 1991 ला. पहिली तारीख बरीचशी योगायोगाने पडली, दुसरी मात्र मुद्दाम निवडलेली, या लोकांचा विनोद असाच आहे. (पुढे करी नावाची वेगळी भाषाही आलीच. म्हणजे एका माणसाच्या नावाचे दोन तुकडे, दोन भाषा.)

नाव ठेवण्याआधी समितीतल्या पॉल हुडॅक आणि डेव्हिड वाइज यांनी व्हर्जिनिया करी यांना पत्र लिहून परवानगी मागितली. हुडॅक त्यांच्या घरीही गेले. घरी येऊन राहून गेलेल्या पाहुण्यांच्या आठवणी व्हर्जिनियाबाईंनी त्यांना सांगितल्या. त्या पाहुण्यांत चर्च होते. क्लीनीही होते, ज्यांनी त्यांच्या नवऱ्याचा पाया तडकलेला दाखवून दिला तेच क्लीनी. नंतर हुडॅक पेन स्टेटला या नव्या भाषेवर भाषण द्यायला गेले तेव्हा बाई ऐकायला आल्या. त्यातलं अक्षरही त्यांना कळलं नाही, पण त्या सगळ्यांशी फार प्रेमाने वागल्या. आणि निघताना त्यांनी हुडॅकना सहज सांगितलं की हॅस्केलला आपलं हॅस्केल हे नाव कधीच फारसं आवडलं नव्हतं.

मी हे रूममेटला वाचून दाखवलं तेव्हा दीड वाजला होता. ती हसली, पण मान वर केली नाही. नव्या कंपायलरने दाखवलेल्या सतरा चुकांपैकी तिच्या अजून चार उरल्या होत्या.